उलटा वाळत घातलेला कोट

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारवाडपलीकडच्या बेलूरच्या कारखान्यात, रंगाच्या प्रयोगशाळेत, पत्र्यावरच्या रंगाची जाडी तपासत उभी होते. फोन सुहासचा होता. सुहास माझा नवरा, अप्पा माझे सासरे. हुबळीला दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, ते तो सांभाळतो, आणि दुकानाच्या वेळात तो मला कधी म्हणजे कधीच फोन करत नाही. त्यामुळे उचलण्याआधीच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अप्पा गेले," एवढंच म्हणाला. सकाळी उप्पीट खाल्लं, पेपर वाचत बसले, आणि खुर्चीतच मान कलली. अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन हाका मारल्या, तेव्हा कुठं कळलं.

त्या दिवशी सूर्य उगवलाच नव्हता. बंगालच्या उपसागरात कुठलंसं वादळ आलं की आमच्याकडे भर थंडीतही दोन-तीन दिवस रिपरिप लागते, तसली हवा. साहेब म्हणाले, गाडी देतो, ड्रायव्हर सोडेल. मी नको म्हटलं. मला कुणाच्या शेजारी बसून रडायचं नव्हतं. बेलूर ते हुबळी म्हणजे तीस किलोमीटरच्या वर, समोरून वारा आणि तिरपा पाऊस, आणि मी माझ्या मोटारसायकलवरून आले. घराच्या दारात उतरले आणि लक्षात आलं, की मला थंडी वाजलेली नाही. बोटं हलताहेत. छाती गरम आहे. पाठसुद्धा कोरडी आहे. आत अप्पा चटईवर गार पडले होते, आणि मी त्यांनीच बेतलेल्या कोटात उबदार उभी होते... मला त्या उबेचा असा काही संताप आला, की दारातच कोट अंगावरून ओरबाडून काढला.

याला आता पाच आठवडे झाले. लिहायला बसलेय खरी, पण अप्पांसारख्या माणसाबद्दल लिहायचं तरी काय? भाषण नाही, पुरस्कार नाही, कुठं अध्यक्ष नाहीत. चाळीस वर्षं गादीवर बसून कापड फाडून दिलं, मग दुकान मुलाच्या हाती दिलं, आणि उरलेली वर्षं सुनेला थंडी लागू नये म्हणून खटपट केली. पेपरात छापण्याजोगं एवढंच आहे. माझ्यापुरतं ते पुष्कळ आहे.

मी मेघा, बेळगावची. तोंडानं फटकळ, आणि मोटारसायकल चालवणारी. ती भावानं शिकवली, आणि त्याचीच जुनी गाडी घेऊन मी नोकरीला धारवाडला आले. लग्नाआधी मी धारवाडात खोली घेऊन राहायची, कारखान्याची बस तिथपर्यंत यायची, सगळं सोपं होतं. लग्न होऊन हुबळीला आले आणि अंतर वाढलं. पहिली पाळी सकाळी सहाची. हुबळीहून तेवढ्या पहाटे निघून धारवाडची बस गाठायची म्हणजे रोजचा जुगार. म्हणून मी पावणेपाचला गाडी काढायची. लग्न ठरतानाच मी सांगितलं होतं, नोकरी सोडणार नाही. अप्पांनी मान हलवली होती. अक्का म्हणाल्या होत्या, बघू की. आमच्या घरात 'बघू की' म्हणजे काय, ते मला पुढं कळलं.

कार्तिक संपला तशी थंडी पडायला लागली. उणकलच्या तळ्याशी धुकं एवढं, की दिव्याचा उजेड पुढच्या चाकाच्या पलीकडे जायचा नाही. नवनगर येईतो बोटं बधिर. मी तरुण होते, मस्तीत होते, एक स्वेटर आणि वर ओढणी गुंडाळून जायची. एका संध्याकाळी अप्पांनी तो स्वेटर हातात घेतला, तोंडाशी धरला आणि जोरात फुंकर मारली. ही त्यांची धंद्यातली सवय. कापडाची वीण किती घट्ट आहे ते बघायला ते फुंकर मारायचे आणि पलीकडे तळहात धरायचे. गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटायची. त्यांनी माझा तळहात पलीकडे धरला. वारा सरळ आरपार आला. "हे घालून जातेस होय?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून असं एक जाडजूड, आतून रबराचा लेप दिलेलं कापड घेऊन आले, ज्यातून त्यांच्या फुंकरीचा कणसुद्धा जाईना. गल्लीतल्या महादेवप्पा शिंप्याकडून कोट शिवून घेतला. रंग अगदी मातकट, बाह्या लांब. मी आरशात बघितलं आणि हसायला लागले. पण वारा खरंच बंद झाला.

आता यातली मेख ऐका. हुबळी-धारवाडची थंडी पहाटेची. दुपारी दोनला पाळी सुटते तेव्हा ऊन चटके देत असतं. मला तो कोट हातात धरायला नको वाटायचा म्हणून मी अंगातच घालून यायची, घरी येईतो आतून घामानं चिंब. मी तो पलंगावर टाकायची आणि जेवायला बसायची. आणि अप्पा, ज्यांनी जन्मात कधी कापड अस्ताव्यस्त पडलेलं खपवून घेतलं नाही, तो उचलायचे. बाह्या आत, पाठ सरळ, तळहातानं सुरकुती मोडून, दुकानातल्या कापडाच्या ठाणासारखी सुरेख घडी. मग कपाटात, खाली जुना पेपर अंथरून. मला केवढं कौतुक वाटायचं! सासरे सुनेच्या कोटाची घडी घालतात असं मी बेळगावला आईला फोन करून सांगितलं होतं.

रबराच्या लेपातून जसा वारा आत येत नाही, तसा घाम बाहेर जात नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, मला हे कळू नये? नाही कळलं. पहाटे कपाटातून कोट काढायची, अंगात घालताच पाठीवर गार ओलसर काही टेकायचं, मला वाटायचं थंडीच तशी आहे. पंधरा-वीस दिवस मी रोज कालच्या घामात बसून तीस किलोमीटर वारा कापत गेले. आधी खोकला. मग ताप. मग एक दिवस कारखान्यात जिना चढताना श्वास पुरेना, आणि तिथून थेट दवाखाना. न्यूमोनिया. पाच दिवस सलाईन आणि नाकात नळी.

डॉक्टरांनी विचारलं, पावसात भिजलात का? मी म्हटलं, पाऊस कुठाय? मग म्हणाले, अंगावर ओलं काही राहत होतं का? मी विचार करत होते. अप्पा माझ्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते, ते उठले आणि निघून गेले. तासाभरानं परत आले तेव्हा काखेत कोट. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला, आतल्या अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके. "मी घडी घालत होतो," म्हणाले. "चूक माझी आहे." मी त्यांना समजावलं. म्हटलं, अप्पा, माझी मला ओल कळली नाही, तुम्हाला कशी कळणार? ते मान खाली घालून कोटाकडेच बघत राहिले.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. अक्कांनी सुहासला सांगितलं, संक्रांतीपर्यंत विश्रांती, मग राजीनामा. पोरगी मरता मरता वाचलीय, आणखी काय पाहिजे? माझी आईसुद्धा फोनवर तेच म्हणाली. सुहास इकडे ना तिकडे. मी रात्रंदिवस खोकत होते, भांडायला छातीत हवा नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच बायका, आणि दुसरी महिन्याभरात बदली घेऊन जाणार होती. मी नोकरी सोडली असती तर परत तिथं बाईला कुणी घेतलं नसतं, निदान पहिल्या पाळीला तर नाहीच. ती नोकरी मी परीक्षा देऊन, तीन मुलाखती देऊन मिळवली होती. आणि ती एका ओल्या कोटापायी जाणार होती... उशीत तोंड खुपसून रडले मी.

सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा अप्पा म्हणाले, "तिला बरं वाटलं की एक दिवस मला मागं बसवून नेऊ दे. मग ठरवा."

अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पायजमा-सदरा आणि काळी टोपी. कधी स्कूटरवरसुद्धा बसलेले नाहीत. पण ऐकतील तर अप्पा कसले. जानेवारीच्या एका पहाटे कानटोपी, शाल, त्यावर घोंगडं असा जामानिमा करून ते माझ्या मागं बसले. मी घाबरत घाबरत चालवत होते. उणकलपर्यंत ते काहीबाही बोलत होते. नवनगरपर्यंत हूं हूं करत होते. धारवाड ओलांडून हमरस्त्याला लागलो आणि उघड्या माळावरचा वारा लागला, तेव्हा मागून आवाजच बंद झाला. नरेंद्रच्या फाट्याशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबले. त्यांना उतरता येईना. गुडघे वाकलेलेच राहिले होते. चहाच्या टपरीवाल्यानं आणि मी धरून उतरवलं, बाकावर बसवलं. त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला तरी हिंदकळत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं म्हणे.

"एवढं रोज सोसत होतीस? बोलली का नाहीस गं?"

मी म्हटलं, "तुम्ही शिवून घेतलेला कोट होता ना, अप्पा. गार लागतं असं कसं सांगू?"

त्यांनी दुसरा चहा मागवला. मग एकदम धंद्यातला माणूस जागा झाला त्यांच्यात. वारा कुठून कुठून शिरला ते सांगायला लागले, गिऱ्हाइकाचं माप घेतल्यासारखं. गळ्यातून, मनगटातून, कमरेपाशी सदरा वर होतो तिथून, आणि गुडघ्यावर तर सरळ मारा. टपरीवाल्याशी कानडीत चर्चा सुरू. "गाळी, गाळी," म्हणजे वारा वारा, करत दोघं माझ्याकडे आणि गाडीकडे बोट दाखवत होते. त्या दिवशी मी कामावर वेळेत पोचले, आणि अप्पा बस धरून परत गेले. घरी जाऊन अक्कांना म्हणाले, राजीनामा नाही. कपडे चुकलेत, ते बदलू.

मग महादेवप्पाच्या दुकानात जे चाललं ते बघण्यासारखं होतं. नवा कोट दोन पदरी. बाहेरचा पातळ पण घट्ट विणीचा, वारा अडवणारा, आणि आत बटणांनी लावायचा लोकरीचा वेगळा पदर, म्हणजे दोन्ही वेगवेगळे वाळत घालता यावेत. काखेत हवेला भोकं. गळ्याला वेगळी पट्टी, कारण मफलर सुटतो. मनगटाला लवचिक पट्टी, ती हातमोज्याच्या आत जाणारी, नाहीतर पाऊस बाहीतून थेट कोपरापर्यंत. आणि गुडघ्यांसाठी कॅनव्हासचा एक पडदा, आतून घोंगडी लावलेला, गाडीच्या टाकीला बांधायचा. तो पडदा बघून कारखान्याच्या फाटकावरचे रखवालदार हसायचे. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्याच एकानं मला पत्ता विचारला, कुठं शिवून मिळतो म्हणून.

पण कपडे शिवून घेणं सोपं. पुढचं ऐका. मी दुपारी आले, की अप्पा दारातच कोट हातात घ्यायचे, पदर सुटा करायचे, दोन्ही उलटे करून गच्चीवरच्या दोरीवर टाकायचे. घडी घालायची नाही, हे त्यांच्या हाताला केवढं जड जात असेल! पहिल्या वर्षी मी स्वतः बघितलंय, कोट हातात आला की त्यांचे तळहात आपोआप सुरकुती मोडायला लागायचे, मग थबकायचे. हातमोजे उलटे करून दोन रिकाम्या काचेच्या बाटल्यांवर चढवायचे, उन्हात. ढगाळ असेल तर इस्त्री. डब्याच्या पिशवीत रोज एक कोरड्या पायमोज्यांची जोडी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पावसाळी थंडीत बूट भिजतातच, तेव्हा कारखान्यात पोचल्यावर कोरडे पायमोजे घालण्यासारखं सुख नाही. मी ते घालायची आणि आठ तास अप्पांचं नाव घ्यायची. पहाटे निघताना ते उठायचेच. कोट अंगात चढवण्याआधी आतून सगळीकडे हात फिरवायचे, पाठ, काखा, गळा. मग "साकु," म्हणायचे. कानडीतलं 'पुरे'. म्हणजे कोरडा आहे, जा.

असे अकरा हिवाळे. मध्ये माझी मुलगी झाली, मधली दोन वर्षं सोडून मी परत पहिल्या पाळीला आले, प्रयोगशाळेची प्रमुख झाले. प्रमुखाला पहिली पाळी सक्तीची नसते. मी तरी आठवड्यातून तीन दिवस घेते, सवयच लागलीय. अप्पा शेजारच्या दुकानदारांना सांगायचे, आमची सून बेलूरला जाते, पहाटे, मोटारसायकलवर. 'मोटारसायकलवर' हा शब्द ते जरा मोठ्यानं म्हणायचे. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले, बटणं लागत नव्हती, तरी मला लावू द्यायचे नाहीत. मीही घाई करायची नाही. उशीर झाला तर झाला.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते.

अप्पांचे दिवस झाले, पाहुणे गेले. मागच्या रविवारी दुपारी मी आणि अक्का शेंगा सोलत बसलो होतो. मी बोलता बोलता म्हटलं, अप्पांचं माझ्यावर फार ऋण आहे, त्यांची कसली चूक नसताना अकरा वर्षं त्यांनी भरपाई केल्यासारखं केलं. अक्कांचे हात थांबले.

"त्यांना ओल लागत होती," त्या म्हणाल्या.

मला कळेना. अक्का खाली बघत सांगत गेल्या. चाळीस वर्षं कापड हाताळलेला माणूस. अंधारात ठाणाला हात लावून सुती की मिश्र धाग्याचं ते सांगणारा. घडी घालताना त्याच्या तळहाताला ओल कळणार नाही होय? पहिल्या दिवसापासून कळत होती. लग्नात मान हलवली होती खरी, पण सुनेनं पहाटे एकटीनं जावं हे त्यांना मनातून पटलेलं नव्हतं. तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती, शब्द दिलेला. कोट काळजीनंच शिवून घेतला होता, पण हाताला ओल लागली तेव्हा वाटलं, चार दिवस सर्दी-खोकला होईल, कंटाळेल, आपणहून घरी बसेल. म्हणून गप्प राहिले, घडी घालत राहिले. मी दवाखान्यात होते त्या दुपारी घरी येऊन त्यांनी कोट उघडला, बुरशी बघितली, आणि अक्कांसमोर ढसाढसा रडले. अक्कांनी त्यांना कधी तसं रडताना बघितलं नव्हतं, ना आधी, ना नंतर.

मी विचारलं, मला हे आता का सांगताय?

"त्यांनीच सांगून ठेवलं होतं, माझ्यामागं सांग म्हणून. जिवंतपणी सांगितलं तर मेघा मला लगेच माफ करून टाकेल म्हणाले, आणि मग मी कुठल्या तोंडानं रोज तिचा कोट वाळत घालू?"

मी शेंगा सुपात तशाच टाकून उठले. दोन दिवस अक्कांशी धड बोलले नाही. त्यात त्यांचा काय दोष, पण राग कुणावर तरी काढावा लागतो. खोटं कशाला लिहू? मला आजही तो नाकातल्या नळीचा वास आठवतो. माझी छाती, माझी नोकरी, आणि या माणसाच्या हाताला ओल लागत होती. मी त्यांच्या फोटोकडे बघून मोठ्यानं बोललेसुद्धा, सुहास दुकानात गेला होता तेव्हा.

पण मग विचार करत राहिले. पहिलं वर्ष त्यांनी अपराधी वाटून केलं असेल. दुसरंही असेल. अपराधापोटी माणूस फार तर एक स्वेटर आणून देतो आणि मोकळा होतो. नरेंद्रच्या फाट्याशी, अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे आखडून बसलेला माणूस तिथं काहीतरी ठरवून उठला होता. मला घरी बसवायला निघालेले अप्पा त्या बाकावर संपले, आणि जे दुसरे अप्पा उठले त्यांच्याबरोबर मी अकरा वर्षं राहिले. ती वर्षं खरी आहेत. त्यात मी एकदाही आजारी पडले नाही, एकदाही भिजून कामावर बसले नाही. आज माझ्या हाताखाली सात मुली आहेत, त्यातल्या चौघी पहिल्या पाळीला येतात. हे सगळं ज्या माणसानं माझ्याकडून हिरावून घेतलं असतं, त्यानंच ते मला पोचवून दिलं.

अप्पा, तुमचं एकच चुकलं. मी तुम्हाला लगेच माफ केलं असतं असं तुम्हाला वाटलं. मी माफबिफ काही केलं नसतं. मी बेळगावची आहे, कडाडून भांडले असते, चार दिवस ताट घेतलं नसतं, गल्लीला ऐकू जाईल एवढं बोलले असते. आणि पाचव्या दिवशी पहाटे, तुम्ही आतून हात फिरवून दिलेला कोट घालून, गाडी काढली असती. अकरा वर्षं माझी बटणं लावलीत आणि एवढं ओळखलं नाहीत मला... तुमच्याशी माझं तेवढंच भांडण राहिलंय. बाकी सगळं कोरडं आहे, अप्पा.